औषध एकीकडे, शेक दुसरीकडे

घोळणा फुटला म्हणून कोल्हापूर जिल्ह्याच्या आजरा-चंदगड भागात सहसा कुणी डॉक्टरकडे जात नाही. डोक्यावर पाणी मारायचे, कांदा फोडून हुंगवायचा, की झाले. नाक चोंदले तर दोष हवेचा. आंबोलीचा घाट जवळ, पावसाळ्यात घराच्या भिंतींनाही ओल सुटते, तिथे माणसाचे नाक कोरडे राहणार कसे? त्यातूनही त्रास राहिलाच तर 'हाड वाढलंय' किंवा 'सायनस झालाय' एवढे निदान शेजारीपाजारीच करून टाकतात आणि बहुतेक वेळा ते खरेही निघते.

क्वचित एखाद्याची मात्र एकच नाकपुडी बंद होते आणि महिनोन्महिने उघडत नाही. रुमालावर रोज रक्ताचा डाग पडतो, स्रावाला घाण वास येतो, अँटिबायोटिकचे कोर्स एकामागून एक संपतात, गाल सुजतो आणि शेवटी टाळूला छिद्र पडून प्यायलेले पाणी नाकातून बाहेर येते. हा नाकातला लिम्फोमा असू शकतो. लिम्फोमा म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशींचा, लसिका ग्रंथींच्या कुळातला कर्करोग. एरवी तो मानेत, काखेत, जांघेत गाठी करून दिसतो. हा प्रकार मात्र सुरूच होतो नाकात. वैद्यकीय पुस्तकांत त्याचे नाव एक्स्ट्रानोडल एनके/टी-सेल लिम्फोमा. तो दुर्मीळ आहे. तरुणांपासून म्हाताऱ्यांपर्यंत कुणालाही होतो, पण चाळिशी-पन्नाशीतल्या पुरुषांत जास्त दिसतो, म्हणजे घरातला कमावता माणूसच बहुधा आजारी पडतो. आणि बहुतेक रुग्णांत निदान होते तेव्हा रोग नाक आणि आसपासच्या भागापुरताच असतो. यालाच पहिला-दुसरा टप्पा म्हणतात.

या टप्प्यावर सापडलेल्या बहुतेक रुग्णांना केमोथेरपी आणि रेडिओथेरपी एकाच आराखड्यात, एकाच चमूच्या देखरेखीखाली आणि रेडिएशनला उशीर न लावता मिळाली पाहिजे, ही गोष्ट वैद्यकशास्त्रात आता फारशी वादाची राहिलेली नाही. असलाच तर वाद क्रमाचा आहे. डोंगरी तालुक्यातल्या रुग्णाचे घोडे त्याच्या बरेच अलीकडे अडते. दोन उपचार एकत्र द्यायचे म्हणजे दोन विभाग, दोन मंजुऱ्या, पाच-सहा आठवड्यांचा मुक्काम आणि घरातल्या आणखी एका माणसाचा बुडालेला रोज, हे सगळे एका वेळापत्रकात बसवावे लागते. सरकारी योजना त्यातल्या उपचारांचे पैसे मोजते. वेळापत्रक सांभाळण्याचा खर्च ती मोजत नाही, आणि या आजारात जीव वाचतो किंवा जातो तो बऱ्याचदा वेळापत्रकावर.

हे समजायला या रोगाचा जुना इतिहास उपयोगी पडतो. एडिंबरोचे पीटर मॅकब्राइड यांनी १८९७ साली एका रुग्णाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याचे नाक आणि चेहरा डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत झपाट्याने झडत गेला होता. पुढची कित्येक दशके हा कर्करोग आहे हेच कुणाला उमगले नाही, कारण काढलेल्या तुकड्यात मेलेले मांस आणि सूज यांपलीकडे फारसे काही दिसत नसे. नाव पडले 'लीथल मिडलाइन ग्रॅन्युलोमा', म्हणजे चेहऱ्याच्या मध्यरेषेवरची जीवघेणी गाठ. नाव देऊन डॉक्टर मोकळे झाले. उपाय मात्र नव्हता. १९७६ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तीन डॉक्टरांनी लिहिले की अशा रुग्णांना त्या जागी भरपूर मात्रेत रेडिएशन दिले तर रोग दीर्घकाळ शांत होतो. त्या तिघांत पहिले नाव होते अँथनी फाउची यांचे. कोविडच्या काळात रोज टीव्हीवर दिसणारे तेच फाउची. म्हणजे रोग नेमका काय आहे हे कळण्याआधीच तो किरणांना दबतो हे कळले होते. १९९० मध्ये जपानच्या यासुआकी हाराबुची आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये दाखवले की या गाठींच्या पेशींत एप्स्टाइन-बार नावाचा विषाणू ठाण मांडून असतो. हा विषाणू जगातल्या बहुतेक प्रौढांच्या शरीरात निमूट पडून असतो. काही थोड्यांतच तो असे वळण का घेतो, याचे पूर्ण उत्तर अजून मिळायचे आहे. पण त्या शोधाने निदानाला पक्की खूण मिळाली. आज गाठीच्या तुकड्यावर 'ईबर' नावाची चाचणी करून विषाणूचा माग काढतात, आणि सीडी५६ सारख्या खुणा रंगवून पेशींची जात ठरवतात.

चीन, कोरिया, जपान, हाँगकाँग आणि तिकडे पेरू, मेक्सिको या देशांत हा आजार तुलनेने जास्त आढळतो. भारतात कमी. किती कमी, याचा अंदाज मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या एका जुन्या अभ्यासातून येतो. परळच्या पॅथॉलॉजी विभागाने तिथल्या २,७७३ लिम्फोमांची वर्गवारी २००० साली प्रसिद्ध केली. त्यात टी-पेशींचे लिम्फोमा सुमारे १६ टक्के निघाले आणि नाकातला हा प्रकार इतर आशियाई देशांच्या मानाने खूपच विरळ. देशभरातून रुग्ण येणाऱ्या ठिकाणी ही स्थिती, तर जिल्ह्याच्या गावातल्या कान-नाक-घसा तज्ज्ञाला अख्ख्या कारकिर्दीत असे किती रुग्ण दिसणार? त्याने तो पहिल्या भेटीत ओळखला नाही म्हणून त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. मात्र रोग विरळ आहे म्हणून त्याच्यासाठी वेगळी सोय नको, हा निष्कर्षही चुकीचा. विरळ रोगालाच ठरलेली वाट लागते. नेहमीच्या रोगाची वाट डॉक्टरांना तोंडपाठ असते.

विरळपणाचा दुसरा तोटा औषधांत दिसतो. लिम्फोमा म्हटले की कर्करोगतज्ज्ञाचा हात सवयीने 'चॉप' या चार औषधांच्या जुन्या मिश्रणाकडे जातो. इतर अनेक लिम्फोमांत चॉपने लाखो माणसे वाचली आहेत. नाकातल्या या लिम्फोमात ते तोकडे पडते, आणि त्याचे कारणही ठाऊक आहे. या पेशींच्या पृष्ठभागावर पी-ग्लायकोप्रोटीन नावाचे प्रथिन असते आणि ते औषधाला आत टिकू देत नाही. विहिरीत झरा लागावा आणि काठावरच्या मोटारीने पाणी तितक्याच वेगाने उपसून टाकावे, तशी गत. चॉपमधले मुख्य औषध डॉक्सोरुबिसिन, तेच असे बाहेर फेकले जाते. त्यामुळे सुरुवातीला चॉपचे पाच-सहा डोस देऊन 'मग बघू रेडिएशनचे' म्हणण्यात मधले महिने हातचे जातात. दरम्यान गाठ कधी वाढते, कधी पसरते. हा क्रम आज कुणीही धरू नये. बी-पेशींच्या लिम्फोमात चमत्कार करणारे रिटुक्सिमॅबही इथे कामाचे नाही, कारण ते ज्या खुणेवर बसते ती खूण या पेशींवर नसतेच.

मग एकटे रेडिएशन? जागेवरची गाठ त्याने उत्तम विरते. अडचण अशी की काही रुग्णांत रोग नंतर भलतीकडेच डोके वर काढतो: त्वचेत, आतड्यात, वृषणात. किरण नाकावर पडलेले असतात. रक्तातून निसटलेल्या पेशींना ते गाठत नाहीत. तिथे औषध लागते, आणि औषधही असे, ज्याला पेशीवरचा तो प्रथिनाचा पंप बाहेर फेकू शकत नाही.

जपानमधल्या डॉक्टरांच्या एका सहकारी गटाने हा विचार पद्धतशीर तपासला. २००३ ते २००६ या काळात त्यांनी रुग्णांना सुमारे ५० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे माप) रेडिएशन आणि त्याच वेळी डेक्सामेथासोन, इटोपोसाइड, इफोस्फामाइड व कार्बोप्लॅटिन या औषधांचे तीन डोस दिले. औषधांची मात्रा नेहमीच्या दोन-तृतीयांश ठेवली, कारण दोन्ही मारे एकदम सोसायचे होते. या मात्रेवर उपचार घेतलेल्या २७ रुग्णांपैकी दोन वर्षांनी ७८ टक्के हयात होते. एकट्या रेडिएशनच्या जुन्या नोंदींत हे प्रमाण ४५ टक्के होते. पाच वर्षांनंतरचा आकडा ७० टक्के भरला. २००९ साली कोरियाच्या डॉक्टरांनी ३० रुग्णांचा अनुभव मांडला. त्यांनी रेडिएशन चालू असताना दर आठवड्याला सिस्प्लॅटिनचा छोटा डोस दिला आणि मग वेगळ्या औषधांचे तीन डोस. हा सगळा उपचार संपेपर्यंत ८० टक्के रुग्णांत गाठ दिसेनाशी झाली होती आणि तीन वर्षांनी ८६ टक्के रुग्ण हयात होते.

सत्तावीस आणि तीस. वाचकाला वाटेल, एवढ्याशा आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा? शंका रास्त आहे. दुर्मीळ आजारात हजारोंची चाचणी उभी राहत नाही, आणि निवडलेले रुग्ण नेहमीच्या रुग्णांपेक्षा धडधाकट असतात हेही खरे. म्हणून २०१७ मध्ये जपानमधल्या ३१ संस्थांनी चाचणीबाहेरच्या, रोजच्या ओपीडीत आलेल्या रुग्णांच्या नोंदी धुंडाळल्या. हाच एकत्र उपचार मिळालेल्या दीडशे रुग्णांत पाच वर्षांचे जगण्याचे प्रमाण ७२ टक्के आले. चाचणीत जे दिसले ते साध्या रुग्णालयांतही टिकले. एखाद्या उपचाराबद्दल यापेक्षा दिलासा देणारी गोष्ट क्वचितच असते.

चीनमध्ये रुग्ण जास्त, त्यामुळे तिथले प्रयोगही जास्त. तिथल्या काही केंद्रांनी औषध आणि किरण एकाच वेळी देण्याऐवजी आधी दोन-तीन डोस, मध्ये रेडिएशन, मग उरलेले डोस अशी 'सँडविच' रीत वापरली. तिचेही निकाल चांगले आले. त्यांचे मुख्य औषध एल-अ‍ॅस्पॅराजिनेज. त्याचा उगम ऐकण्यासारखा आहे. १९५३ साली जॉन किड यांना गिनीपिगच्या रक्तातल्या पाण्यासारख्या भागाने उंदरांतले लिम्फोमा विरघळताना दिसले, आणि १९६१ साली जॉन ब्रूम यांनी त्यामागचे एन्झाइम शोधले. हे एन्झाइम रक्तातले अ‍ॅस्पॅराजिन नावाचे अमिनो आम्ल संपवते. निरोगी पेशी ते स्वतः बनवू शकतात. नाकातल्या लिम्फोमाच्या पेशींना ते नीट जमत नाही, त्या उपाशी मरतात. पंपाचा इथे काही संबंधच येत नाही.

चिनी डॉक्टरांचाच आणखी एक मोठा अभ्यास २०१५ मध्ये आला, पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातल्या १,२७३ रुग्णांचा. त्याने उत्साहाला थोडा लगाम घातला. साठीच्या आतला, तब्येतीने बरा, रक्तातले एलडीएच हे एन्झाइम न वाढलेला, रोग नाकाबाहेर न गेलेला असा सौम्य रुग्ण एकट्या रेडिएशनवरही तितकाच चांगला राहतो, त्याला केमोचा जास्तीचा मारा नको. यांतला एक जरी धोका असेल तर औषधाची जोड फायद्याची, आणि तिथेही रेडिएशन आधी दिले त्यांचे निकाल सरस. जोड सगळ्यांना लागते असे म्हणणारा आणि ती कुणालाच नको म्हणणारा, दोघांनाही हा अभ्यास अडचणीचा आहे. ज्याला जोड हवी त्याला ती नेमकी कोणत्या रीतीने द्यायची, एकाच वेळी की सँडविच, याचा निवाडा त्या-त्या केंद्राच्या सरावावर सोडायला हरकत नाही. जपानी रीत हातात बसलेल्या डॉक्टरांनी उगाच चिनी रीतीकडे वळू नये. सगळ्या रीतींत न बदलणाऱ्या गोष्टी दोन: रेडिएशन लवकर आणि पुऱ्या मात्रेत, म्हणजे साधारण ५० ग्रे, आणि औषधे चॉपबाहेरची.

आता हे आजऱ्यात आणून पाहू.

५० ग्रे एकदम देत नाहीत. रोज दोन ग्रे, आठवड्याचे पाच दिवस, असे २५ दिवस. गावाकडे त्याला 'शेक' किंवा 'करंट' म्हणतात. आधी चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार प्लास्टिकचा मुखवटा बनतो, म्हणजे डोके तसूभर हलणार नाही. कारण नाकाच्या दोन बाजूंना डोळे आहेत, मागे डोळ्यांच्या नसा आणि वर मेंदू. किरणांचा झोत मिलिमीटरच्या हिशेबाने वळवावा लागतो. त्यासाठी आधुनिक लिनॅक मशिन आणि ते चालवणारा भौतिकशास्त्रज्ञ हवा. आजऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात हे असण्याचा प्रश्नच नाही, आणि असावे अशी मागणीही नाही. ते कोल्हापूर, मिरज, बेळगाव किंवा मुंबईतच असणार.

प्रत्यक्ष मशिनवर रुग्ण पडून असतो ती दहा-पंधरा मिनिटे. त्यासाठी आजरा ते कोल्हापूर ७५ किलोमीटरहून जास्त. रोज जाऊन-येऊन करायचे म्हटले तर २५ फेऱ्यांत पावणेचार हजार किलोमीटरच्या वर प्रवास होतो, तोही तोंड सोललेल्या, अंगात ताकद न उरलेल्या माणसाने, एसटीच्या खिडकीला डोके टेकून. एसटीत आणि रेल्वेत कर्करुग्णांना तिकिटाची सवलत आहे. आजऱ्याला रेल्वे नाही, आणि सवलतीने खड्डे बुजत नाहीत.

तिसऱ्या आठवड्यापासून खरी परीक्षा सुरू होते. नाकाच्या मागचा पडदा, टाळू, घसा यांची त्वचा सोलवटते. जपानी चाचणीत जवळजवळ तिघांतल्या एका रुग्णाला हा त्रास तीव्र झाला होता. भाकरी सोडा, ताक गिळतानाही डोळ्यांत पाणी येते. त्याच दिवसांत औषधाने पांढऱ्या पेशी उतरतात. जेवण कमी, वजन कमी, मुखवटा सैल, मग नवे माप. इथे रुग्ण मोडतो. 'आठ दिवस गावाकडे जाऊन येतो, बरं वाटलं की परत सुरू करू' हे वाक्य प्रत्येक कर्करोग विभागात ऐकू येते, आणि आजरा तालुक्यात घनसाळ भाताची लावण किंवा उसाची तोड आली की त्याला आणखी एक कारण मिळते. मधे पडलेल्या खंडात उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात. नंतर पुरे केलेले ५० ग्रे कागदावर ५० असतात, परिणामात तेवढे नसतात. दोन उपचारांची सांगड इथेच तुटते. औषधाचा डोस ताप आला म्हणून पुढे जातो, शेक मशिन बंद पडले म्हणून पुढे जातो, आणि दोन्ही विभाग आपापल्या फाइलीत 'उपचार चालू' असे लिहीत राहतात.

तापाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. केमो चालू असताना पांढऱ्या पेशी घसरलेल्या माणसाला ताप आला तर शिरेतून अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हावे, असा जगभरचा दंडक आहे. शनिवार-रविवारी गावी आलेल्या रुग्णाला रात्री ताप भरला तर कोल्हापूर गाठेपर्यंत तो तास गेलेला असतो. आजऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात हे इंजेक्शन ठेवणे, रुग्णाच्या हाती 'केमो चालू आहे, ताप आल्यास ताबडतोब अमुक औषध' असे मराठीतले कार्ड देणे आणि रात्रपाळीच्या डॉक्टरला त्याची कल्पना असणे, याला नवी इमारत लागत नाही. लागतो एक शासकीय आदेश आणि वर्षाकाठी थोडी औषधे. इतके स्वस्त आणि इतके टाळले गेलेले काम सार्वजनिक आरोग्यात दुसरे सापडणे कठीण.

निदानाचे टोकही असेच सैल आहे. कुजलेल्या भागातून वरवरचा तुकडा काढला तर अहवालात 'सूज आणि मृत पेशी' एवढेच येते, आणि रुग्ण पुन्हा अँटिबायोटिकवर जातो. तुकडा खोलवरून, जिवंत कडेवरून आणि पुरेसा मोठा हवा. एकदा नकारात्मक आला तर पुन्हा. २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसने महाराष्ट्राला हैराण केले, तेव्हापासून टाळूवर काळा डाग दिसला की मनात पहिले नाव बुरशीचे येते. ते स्वाभाविक आहे, बुरशी तासांच्या हिशेबाने वाढते आणि तिला थांबता येत नाही. पण तुकड्यात बुरशी सापडली नाही, तर यादीतले पुढचे नाव लिम्फोमा असायला हवे, आणि तो तुकडा ईबर चाचणीसाठी मोठ्या प्रयोगशाळेत जायला हवा. मेणातला ठोकळा पार्सलने मुंबईला जातो. रुग्णाला जावे लागत नाही. आणखी एक सापळा स्टेरॉइडचा. 'अ‍ॅलर्जी असेल' म्हणून दिलेल्या स्टेरॉइडने लिम्फोमाची सूज चार दिवस ओसरते, रुग्ण खूश होतो, आणि त्याच काळात काढलेला तुकडा फसवा निघतो. एकाच नाकपुडीचा त्रास, रक्ताळलेला स्राव आणि तीन आठवड्यांत उतार नाही, अशा रुग्णाला स्टेरॉइडआधी दुर्बिणीतून तपासणी, एवढा एक नियम तालुक्यातल्या प्रत्येक दवाखान्यात पाळला गेला तरी बरेच महिने वाचतील. आशाताईंना क्षयाच्या खोकल्याचे दोन आठवडे पाठ आहेत. नाकाचे तीन आठवडे त्यांना सांगायला अवघड नाहीत.

पैशाकडे वळू. महाराष्ट्राने २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू केलेली जीवनदायी योजना आज महात्मा फुले जन आरोग्य योजना म्हणून राज्यभर आहे. २०२३ च्या निर्णयाने तिची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली आणि सर्व शिधापत्रिकाधारक तिच्यात आले. हे मोठे काम आहे, आणि कर्करोगाच्या बाबतीत तर या योजनेने असंख्य घरांची जमीन वाचवली, हे नाकारण्याचा करंटेपणा कुणी करू नये. मात्र तिची रचना पॅकेजची आहे. केमोचे पॅकेज वेगळे, रेडिएशनचे वेगळे, प्रत्येकाची पूर्वमंजुरी वेगळी. ज्या रुग्णालयात औषध मिळते पण मशिन नाही, ते आपला भाग चोख करते आणि रुग्णाला चिठ्ठी देऊन पुढे पाठवते. पुढचे रुग्णालय पुन्हा पहिल्यापासून तपासण्या मागते. यात कुणी एकजण दोषी नसतो, म्हणून तर दुरुस्तीही होत नाही. नाकातल्या लिम्फोमासारख्या, जिथे दोन्ही उपचार एका लगामात हवेत अशा रोगांसाठी योजनेने एकच मंजुरी, एकच जबाबदार रुग्णालय आणि पहिल्या डोसाआधी दोन्ही तज्ज्ञांच्या सहीचा आराखडा सक्तीचा करावा. रेडिएशन सुरू होण्याची तारीख त्या आराखड्यात छापलेली असावी. तारीख चुकली तर कारण लिहावे लागेल, इतके पुरे.

हे आराखडे दुर्मीळ रोगात अंदाजाने आखावे लागू नयेत, याचीही सोय आहे. २०१२ मध्ये टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरची केंद्रे जोडली गेली आहेत आणि तिथल्या तज्ज्ञांचे दुसरे मत ऑनलाइन मिळते. आयुष्यात दुसऱ्यांदा असा रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरने हे मत मागण्यात कमीपणा नाही. औषधांच्या बाबतीतही सावधगिरी हवी. एल-अ‍ॅस्पॅराजिनेजच्या काही देशी ब्रँडांत औषधाची ताकद लेबलवर लिहिल्यापेक्षा कमी भरते, हे भारतीय संशोधकांनीच तपासून मांडले आहे. योजनेची खरेदी सर्वांत कमी दराच्या निविदेवर होत असेल तर स्वस्त बाटलीतले औषध खरोखर काम करते का, हेही तपासून घेण्याची तरतूद त्यात असली पाहिजे.

उरतो मुक्काम. क्षयरोग्याला पोषणासाठी २०१८ पासून केंद्र सरकार दरमहा ५०० रुपये देत आले आणि २०२४ च्या शेवटी ते १,००० केले. औषध फुकट देऊनही माणूस उपाशी राहिला तर कोर्स अर्धवट सुटतो, हे सरकारला तिथे पटले आहे. तोच हिशेब रेडिएशनच्या पाच आठवड्यांना लागू का नसावा? संजय गांधी निराधार योजनेत कर्करोगाचा समावेश आहे, दरमहा १,५०० रुपये मिळतात; पण तहसील कचेरीत अर्ज, समितीची बैठक, मंजुरी हे सोपस्कार होईतो शेक संपलेला असतो. रेडिएशनच्या काळात रुग्ण आणि सोबतचा एक माणूस यांना दिवसाचा भत्ता थेट खात्यात, उपस्थितीच्या नोंदीवर, मिळाला पाहिजे. मशिनवर रोजची हजेरी संगणकात आपोआप पडतेच. वेगळा कारकून नेमायला नको.

मुंबईत ही गरज समाजाने फार आधी ओळखली. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आणि परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवा सदनात टाटाला येणाऱ्या हजारो कुटुंबांनी दिवस काढले आहेत. कोल्हापूर, मिरज इथे कर्करोगाचे उपचार वाढत गेले, पण डोंगरी तालुक्यांतून येणाऱ्यांना स्वस्तात महिनाभर राहता येईल अशा जागा त्या वेगाने वाढल्या नाहीत. सहकारात मुरलेल्या जिल्ह्याला हे जड नाही. गवसेच्या साखर कारखान्यापासून जिल्ह्यातल्या दूध संघापर्यंत, देवस्थान समितीपासून जिल्हा परिषदेपर्यंत, सभागृहे आणि कमानी बांधणाऱ्या संस्थांची इथे वाण नाही. रेडिएशन केंद्रापासून चालत जाता येईल अशा अंतरावर वीस खोल्या, मऊ भात आणि पातळ आमटी देणारे एक स्वयंपाकघर, आठवड्यातून दोनदा रक्त तपासून वजन करणारी एक नर्स आणि सोमवारी सकाळी आजरा, चंदगड, भुदरगडहून रुग्ण घेऊन येणारी, शुक्रवारी संध्याकाळी परत सोडणारी एक गाडी, एवढ्यापासून सुरुवात करता येते. खोल्या आधी फक्त औषध आणि शेक एकत्र चालू असलेल्यांना द्याव्यात. त्यांचा मुक्काम पाच ते सहा आठवड्यांचा असतो, त्यामुळे एका खोलीत वर्षाला आठ कुटुंबे सहज राहून जातील.